साठातले सत्तावन्न

"आता काहीच करायचं नाही, ताई. नुसतं बघत बसायचं," खुशनुमा म्हणाली आणि तिनं एंटर दाबलं.

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं वर सरकायला लागली. दीपमालानं चष्मा नाकावर नीट बसवला. ती अक्षरं म्हणजे फायलींची नावं होती आणि ती सगळी तिनंच कधी ना कधी टाइप केलेली होती. लाइन दोन, वेल्डिंग. लाइन तीन, गेज तपासणी. एक नाव यायचं, थोडं थांबायचं, पुढचं यायचं. दोघी कँटीनमध्ये जाऊन चहा पिऊन परत आल्या, तेव्हा चाळीस व्हिडिओ लहान होऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसले होते.

चाळीस व्हिडिओ हे दीपमालाचं दोन दिवसांचं काम होतं.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनत. ट्रेनिंगच्या खोलीत दीपमाला शेवाळे नऊ वर्षं एकच काम करत होती. कुठल्या मशीनवर काम कसं करायचं, त्याचे व्हिडिओ शॉपवरची, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवरची, माणसं मोबाइलवर काढत आणि पेनड्राइव्हमध्ये भरून तिच्याकडे आणून देत. ती एकेक व्हिडिओ उघडायची, सुरुवातीचं हलणारं छत आणि शेवटचे बूट कापून टाकायची, साइज कमी करायची आणि नाव द्यायची. मग तो सर्व्हरवर जायचा. नवा मुलगा मशीनवर उभा राहिला की आधी तो व्हिडिओ बघायचा. सगळे मिळून तीन हजार चारशेच्या वर व्हिडिओ झाले होते. शॉपवरून फोन यायचा, "दीपमालाताई, ते कूलंट बदलायचं कुठंय?" आणि ती फोन कानाला असतानाच फोल्डर सांगायची. तिला शोधावं लागत नसे. एवढी एकच गोष्ट अशी होती, की जी कंपनीत तिच्याशिवाय कुणाला येत नव्हती.

खुशनुमा अत्तार तीन महिन्यांपूर्वी आली. चिंचवडची होती, तीस-एकतीसची, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. आल्या आल्या तिनं दीपमालाचं काम दोन दिवस शेजारी बसून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, हे सगळं कॉम्प्युटरला लिहून देता येतं. फोल्डरमधली एकेक फाइल घे, लहान कर, नाव साफ कर, तिकडे ठेव, मूळ काढून टाक. एकदाच लिहायचं. तुमचे हात वाचतील."

हात वाचतील हे ती मनापासून म्हणाली होती. दीपमालालाही ते कळलं. म्हणून तर जास्त लागलं.

त्या दिवशी संध्याकाळी अजिंक्यसर खोलीत आले. ते सहा वर्षांपासून डिपार्टमेंटचे मॅनेजर. चाळीस व्हिडिओ बघून ते खुशनुमाच्या टेबलाच्या कडेवर टेकले. तेवढ्या वर्षांत ते दीपमालाच्या टेबलाशी कधी थांबले असतील, तर उभ्या उभ्या.

"हे आपण आधी का नाही केलं?" ते म्हणाले. ते तसे कुणाला उद्देशून बोलले नव्हते. पण त्या खोलीत आधीपासून काम करणारं एकच माणूस होतं.

कंपनीची बस पुनावळ्याच्या फाट्याशी येईपर्यंत ते वाक्य दीपमालाच्या डोक्यातून गेलं नाही. घरी तिनं कणीक मळता मळता नवऱ्याला सगळं सांगितलं. सुजित भोसरीत एका वर्कशॉपला होता. दोघं औशाकडची, लग्न होऊन इकडे आल्याला वीस वर्षं झाली तरी घरात बोली तिकडचीच होती.

"मग बरंच झालं की," सुजित म्हणाला. "डोळे वाचतेत तुझे. कवापासून म्हणालीस डोळे चुरचुरतेत म्हणून."

"आन् मी काय करू मग? माशा मारू?"

"दुसरं काम देतेत की."

"तुला कळायचं नाही," ती म्हणाली. सुजितला खरंच कळलं नव्हतं. तो टीव्ही बघायला गेला.

त्यानंतर दीपमालाला नको त्या गोष्टी दिसायला लागल्या. खुशनुमाच्या टेबलाशी दिवसातून किती जण येतात ते ती मोजायला लागली. क्वालिटीची दिव्या आली. स्टोअरमधला मुनशी आला, त्याला त्याच्या फोटोंची नावं बदलून हवी होती. पूर्वी तो दाराशी उभा राहून 'ताई, जरा' म्हणायचा. खुशनुमा हसली की दीपमालाला वाटायचं, आपल्यावरच हसली. खुशनुमानं चुकून तिची खुर्ची घेतली, तर दीपमाला दिवसभर त्या खुर्चीची उंची खालीवर करत बसली. आणि खुशनुमाचं वागणं तर असं, की बोट ठेवायला जागा नाही. दीपमाला एकदा बोलता बोलता म्हणाली होती, की इकडे आल्यापासून चांगली अंबाडीची भाजी खाल्ली नाही. दोन दिवसांनी खुशनुमानं डबा उघडून पुढे केला. "सासूबाईंनी पिंपरीच्या मंडईतून आणली. म्हणाल्या, त्यांना दे." भाजी चांगली झाली होती. दीपमालानं दोन घास खाल्ले आणि मीठ जरा जास्त आहे म्हणाली. मीठ जास्त नव्हतं.

मग सर्व्हर भरला. अजिंक्यसर म्हणाले, वरून नवी डिस्क मिळायला चार महिने लागतील, तोवर सगळे जुने व्हिडिओ याच पद्धतीनं लहान करून टाका आणि मूळ काढून जागा मोकळी करा. सगळे म्हणजे तीन हजार चारशे.

खुशनुमानं आधी चाचणी घ्यायची ठरवली. वेगवेगळ्या फोल्डरांतले साठ व्हिडिओ वेगळे काढले, त्यांच्या प्रती केल्या आणि कॉम्प्युटरला लिहून दिलेली ती स्क्रिप्ट चालवली. मंगळवारची दुपार होती. काम झाल्यावर तिनं दोन्ही याद्या छापून दीपमालासमोर ठेवल्या, एक आधीची, एक नंतरची.

"ताई, तुम्ही एकदा बघाल का? मी पाच-सात उघडून बघितले, नीट चालतायत. पण नावं मला माहीत नाहीत. तुम्हालाच सगळं पाठ आहे."

"ठेव," दीपमाला म्हणाली.

तिनं पेन्सिल घेतली आणि सवयीनं आधी मोजलं. पहिल्या यादीत साठ. दुसऱ्या यादीत सत्तावन्न.

तिनं पुन्हा मोजलं. मग कुठले तीन गेले ते शोधायला तिला मिनिटही लागलं नाही. गेलेले तिन्ही 'जुने' या फोल्डरमधले होते. सुरुवातीची चार वर्षं नावं इंग्रजीत द्यायची असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा ती मराठीत द्यायची. 'प्रेस चार डाय उतरवणे', 'प्रेस चार डाय चढवणे' आणि शेवटी इंग्रजी आकड्यांत तारीख. खुशनुमाच्या स्क्रिप्टला नावं साफ करायला सांगितलं होतं, आणि साफ म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं पुसायचं. मराठी पुसलं गेलं, नुसती तारीख राहिली. एकाच तारखेचे चार व्हिडिओ एकाच नावाचे झाले आणि एकावर एक बसत गेले. शेवटचा तेवढा उरला.

पेन्सिल हातात तशीच होती. खुशनुमा पाठमोरी बसून काहीतरी टाइप करत होती. तिच्या ओढणीचं टोक खुर्चीच्या चाकाखाली आलं होतं. दीपमालाला वाटलं, सांगावं. आणि त्याच्या मागोमाग वाटलं, कशाला? हिला सगळं येतं ना. आपण नऊ वर्षं एकेक व्हिडिओ उघडून बघितला, कारण तसाच बघावा लागतो. कळू दे एकदा सगळ्यांना. चार व्हिडिओ सापडले नाहीत की येतील आपल्याच टेबलाशी. त्या दोन-तीन मिनिटांत तिला आतून इतकं बरं वाटलं, की पुढे कित्येक दिवस तिला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

तिनं यादीच्या खाली बरोबरची खूण केली.

"बघितली. ठीक आहे," ती म्हणाली.

"थँक्यू, ताई. मला धाकधूक होती," खुशनुमा म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी स्क्रिप्ट सुरू झाली. या पट्ट्यात गुरुवारी वीज नसायची म्हणून पूर्वीपासून गुरुवारचीच सुट्टी. आता वीज असते, सुट्टी तीच राहिली आहे. सर्व्हरला दिवसभर निवांत मिळणार होतं. फोल्डर क्रमानं घेतले जाणार होते आणि 'जुने' सगळ्यांत शेवटी होता.

गुरुवारी दीपमालानं घरातली सगळी चादरी-पांघरुणं धुवायला काढली. अकरा वाजता तिच्या मनात आलं, आता लाइन दोन चालू असेल. अजून वेळ आहे. तिनं मोबाइल हातात घेतला, खुशनुमाचं नाव काढलं आणि परत ठेवला. काय सांगणार? मंगळवारी दिसलं होतं, आज सांगते? दुपारी एकला पुन्हा घेतला. तेव्हा खुशनुमानं स्टेटसला टाकलेला फोटो दिसला, नवरा दानिश आणि ती कुठल्याशा हॉटेलात, पुढ्यात आइस्क्रीम. खाली लिहिलं होतं, 'आज माझं काम कॉम्प्युटर करतोय.' दीपमालानं मोबाइल उशीखाली सारला. साडेचारला तिनं तो शेवटचा उचलला. पण तोवर उशीर झाला असेल असं तिनं स्वतःला सांगितलं. ते सांगताना तिला ठाऊक होतं, की तसा काही हिशेब तिनं केलेला नाही.

शुक्रवारी सर्व्हर अर्धा रिकामा होता. अजिंक्यसरांनी खोलीत येऊन खुशनुमासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. दीपमालानंही वाजवल्या. सगळे गेल्यावर तिनं 'जुने' उघडला. तीनशे बारा होते, शहाण्णव उरले होते. ती खाली खाली जात एका तारखेवर थांबली. तिथं सतरा असायला हवे होते. एक होता.

अर्जुनराव येळवंड्यांचे व्हिडिओ होते ते.

अर्जुनराव चाकणजवळच्याच गावचे, तीस वर्षं प्रेसवर सेटर. प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा जड साचा, बदलणं हे त्यांच्या हातचं काम होतं. दीपमाला तेव्हा पॅकिंगला उभी राहायची, खोक्यांवर स्टिकर लिहायची. तिचं अक्षर बघून अर्जुनरावांनीच तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं, या बाईला हापिसात घ्या, हितं कशाला उभी करताय. ते रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात, एका गुरुवारी, मशीन बंद असताना आवाज स्पष्ट यावा म्हणून दीपमाला मुद्दाम सुट्टीच्या दिवशी आली होती. ते डाय चढवत बोलत होते आणि ती मोबाइल धरून उभी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सतरा व्हिडिओ. कुणी सांगितलेलं काम नव्हतं ते.

दोन वर्षांपूर्वी अर्जुनरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

दीपमालानं अजिंक्यसरांच्या केबिनचं दार वाजवलं. "सर, जुन्या व्हिडिओंची कुठं कॉपी असते ना?"

"असायची. ती डिस्क दिवाळीत डिझाइनवाल्यांनी नेली. का?"

"काही नाही. सहज," ती म्हणाली.

सोमवारी प्रेसवरून जयसिंगचा फोन आला. तो नवा सेटर. मोठा डाय आला होता, अर्जुनरावांचा व्हिडिओ बघून लावायचा होता. "ताई, तारीख दिसतीय, पण उघडला की काका नुसते पाने पुसतायत. बाकीचे कुठंयत?"

अर्ध्या तासात अजिंक्यसर, जयसिंग आणि खुशनुमा दीपमालाच्या टेबलाभोवती उभे होते. खुशनुमानं स्क्रिप्ट उघडली, वरून खाली वाचली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिचा चेहरा उतरला.

"माझी चूक आहे, सर," ती म्हणाली. "मराठी अक्षरं मी धरलीच नाहीत. नावं सारखी झाली आणि फायली एकमेकींवर गेल्या. परत येणार नाहीत."

"दोनशेच्या वर व्हिडिओ?"

"हो."

"चाचणी घेतली होती ना? यादी कुणी तपासली?"

खुशनुमानं दीपमालाकडे बघितलं नाही. कीबोर्डकडे बघत ती म्हणाली, "स्क्रिप्ट माझी होती, सर. मीच मोजायला हवं होतं."

दीपमालाला वाटलं होतं, की हा क्षण आला की आपल्याला समाधान वाटेल. जयसिंग खुशनुमाकडे रागानं बघत होता, अजिंक्यसर कपाळ चोळत होते. खुशनुमाचे हात मांडीवर होते आणि ती एका नखानं दुसरं नख खरवडत होती. आणि दीपमालाला तेव्हासुद्धा, इतकं होऊनही, तिचा हेवा वाटला. आपल्याला असं पटकन 'माझी चूक' म्हणता आलं नसतं याचा.

"मी तपासली यादी," दीपमाला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"साठातले सत्तावन्नच आले होते. कुठले तीन गेले तेही मला कळलं होतं. मंगळवारीच."

"मग सांगितलं का नाही?" अजिंक्यसरांनी विचारलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच उमजत नव्हतं.

दीपमालानं बरंच काही मनात जुळवून बघितलं. डोळे दुखत होते, लक्षात राहिलं नाही, वाटलं तुम्हाला माहीत असेल.

"सांगावंसं वाटलं नाही," ती म्हणाली.

तिला लेखी पत्र मिळालं आणि पुढच्या महिन्यापासून ती डिस्पॅचला गेली. खोकी, स्टिकर, गेटपास. बसायला स्टूल होतं. तिथं पंख्याचा आवाज फार असल्यामुळे कुणी कुणाशी जास्त बोलत नसे, ते तिला बरं वाटलं. खुशनुमा ट्रेनिंगच्या खोलीत राहिली. खोली सोडताना दीपमालानं आपला डबा, पाण्याची बाटली, खुर्चीवर घ्यायची ती छोटी गादी, सगळं पिशवीत भरलं आणि दाराशी थांबून म्हणाली, "खुशनुमा, माझं चुकलं."

खुशनुमा वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"मी तुम्हाला विचारलं होतं, ताई," ती म्हणाली. एवढंच.

दीपमाला पिशवी उचलून बाहेर पडली. पंधरा दिवस दोघी बसमध्ये एकमेकींच्या पुढे-मागे बसत राहिल्या. मग दीपमालानं तिला मेसेज केला, की सरांना विचारून तो उरलेला एक व्हिडिओ देशील का, मला अर्जुनरावांकडे जायचं आहे. दोन दिवसांनी व्हिडिओ आला. सोबत शब्द नव्हता.

गुरुवारी ती रिक्षानं त्यांच्या गावात गेली. सुजितनं एकदा म्हणून बघितलं होतं, "कशाला जातीस? त्यांना काय ठाव?" त्यांना ठाऊक नव्हतं, हे खरं होतं. म्हणूनच जायला हवं होतं.

घर नवं, दुमजली होतं; खालचे गाळे भाड्यानं दिलेले. अर्जुनराव व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. त्यांनी तिला ओळखलं. डाव्या हातानं बसायची खूण केली. त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, चहा आणला.

दीपमालानं चहा तसाच ठेवला आणि सांगितलं. व्हिडिओ कसे काढले होते, ते कसे पुसले गेले, आणि ती थांबवू शकत असताना तिनं ते कसं होऊ दिलं. अर्जुनराव ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत असल्यामुळे त्यांना काय वाटलं ते तिला कळेना.

इंदुताईंना वेगळंच काहीतरी लागलं होतं.

"बोलायचे व्हय त्यात?" त्यांनी विचारलं. "ह्यांचा आवाज हुता?"

"होता. सोळांत होता."

"आमाला ठावंच न्हवतं," इंदुताई म्हणाल्या. "आमच्या घरात आवाज कुनी भरूनच ठिवला न्हाई. पोरीच्या लग्नाच्या सीडीत बी नुसती गानी हायेत."

दीपमालाला तिथून उठून जावंसं वाटलं. तिनं मोबाइल काढला आणि उरलेला व्हिडिओ लावून इंदुताईंच्या हातात दिला. त्यात अर्जुनराव निळ्या शर्टात, एकेक पाना चिंधीनं पुसून फळीवर लावत होते. मागे कुठेतरी पाण्याचा नळ वाहत होता. चार मिनिटांत ते एक शब्द बोलले नाहीत. शेवटी त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली, आणि संपलं. इंदुताईंनी मोबाइल पदरानं पुसून व्हिडिओ दोनदा बघितला. अर्जुनरावांनी बघितला नाही. ते रस्त्याकडे बघत होते.

"काय बोलायचे वो बाकीच्यात?" इंदुताईंनी विचारलं.

"डाय कसा लावायचा ते."

"त्ये व्हय. पर काय म्हनायचे? कसं म्हनायचे?"

दीपमालाला आठवावं लागलं नाही. तिनं ते व्हिडिओ कापताना, लहान करताना, नव्या पोरांना लावून देताना इतक्यांदा ऐकले होते, की ते आपोआप यायला लागले. तिची औशाची बोली बाजूला राहिली आणि त्यांची आली.

"आधी डायवर हात फिरवायचा. डोळ्याला दिसत न्हाई ती घान बोटाला लागती. मग बसवायचा. आन् चारी नट एकदम आवळायचे न्हाईत. बाजंची दोरी तानतो का न्हाई, तसं. हिकडनं जरा, तिकडनं जरा. घाई करनाराचा डाय वाकडा बसतो."

इंदुताई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "असंच," त्या हळूच म्हणाल्या. "बाजंचं असंच म्हनायचे."

"मग पयला ठोका मशीनला द्यायचा न्हाई," दीपमाला पुढे म्हणाली. "हातानं चाक फिरवून..."

अर्जुनरावांचं डावं बोट वर झालं.

दीपमाला थांबली. बोट तसंच वर होतं. तिनं मनातल्या मनात मागे जाऊन बघितलं.

"चाकाच्या आधी तेल," ती म्हणाली. "दोनी खांबांना तेल लावायचं, मग हातानं चाक फिरवायचं."

बोट खाली आलं. ती पुढचं सांगायला लागली.